जन्मदाखला नाही, पासपोर्टवर 1 जून, आणि सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सला जायचंय

हडपसरकर_93

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, कारण कुणाला अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

नवऱ्याला आइंडहोव्हनला नोकरी लागली आहे. 1 सप्टेंबरला रुजू व्हायचंय. मी आणि आमची साडेतीन वर्षांची लेक सोबत जाणार. तिकडच्या कंपनीने यादी पाठवली आहे: तिघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, तिघांचे जन्मदाखले, आणि दाखल्यांवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून सरकार लावतं ते स्टिकर. नवऱ्याचा आणि लेकीचा जन्म पुण्यातला, त्यांचे दाखले आहेत. लग्नाची नोंदही पुण्यातच केली होती. अडलंय ते माझं.

माझा जन्मदाखलाच नाही. आजवर कुठे लागला नाही, सगळीकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागलं. 2019 ला लग्नानंतर सासरच्या नावाने पासपोर्ट काढला तोही त्यावरच. त्यावर जन्मतारीख 1 जून 1993. ही तारीख खरी नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. आई म्हणते, "तू श्रावणातली, नागपंचमीला दोन-तीन दिवस होते आणि गावात बुधवारचा बाजार होता." माझं माहेर तासगाव तालुक्यात. तिथल्या ग्रामपंचायतीत भावाने चौकशी केली, तर माझी नोंद सापडत नाही म्हणाले.

आता नवीन दाखला 1 जूनचा काढू की खऱ्या तारखेचा? आणि काढायचा तरी कुठून? नवरा म्हणतो शांत राहा, पण रात्री झोप लागत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

कालव्याकाठी

मी 2019 पासून वेल्डहोव्हनला आहे, आइंडहोव्हनच्या अगदी शेजारी. इथलं सांगते.

आल्यावर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करायला जावं लागतं. तिथेच बीएसएन नावाचा क्रमांक मिळतो. त्याच्याशिवाय पगार, बँक, विमा, डॉक्टर काहीच पुढे सरकत नाही. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी आमचा लग्नाचा दाखला घेतला, पुढून वाचला, मग उलटून मागचं अपॉस्टिलचं स्टिकर बोट ठेवून आकडा-आकडा वाचलं. घाई नाही, चिडचिड नाही, पण एक अक्षर सोडलं नाही. जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न: या दोन्ही बायका एकच कशावरून? लग्नाचा दाखला होता म्हणून निभावलं.

माझ्या जन्मदाखल्यावर मात्र अपॉस्टिल नव्हतं. पासपोर्टवरून नोंद झाली, पण आईवडिलांच्या नावांचा रकाना रिकामा राहिला. तेव्हा वाटलं, असू दे. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी तोच कागद लागला आणि मूळ दाखला मावसभावाबरोबर भारतात पाठवून, मुंबईहून शिक्के घेऊन परत मागवावा लागला. त्यात तीन महिने गेले. म्हणून सांगते, जन्मदाखला टाळू नका.

आणि तारखेचं फार जपा. पासपोर्टवरून इथे 1 जून चढली आणि चार वर्षांनी तुम्ही जुलैचा जन्मदाखला पुढे केलात, तर खुलासे करता करता नाकी नऊ येतील.

भाषांतराची चिंता नको, दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजी असेल तर इथे चालतं. पोलिसांचा दाखला या व्हिसाला मागत नाहीत, एक छापील प्रतिज्ञापत्र सही करून द्यावं लागतं. लेकीचं लसीकरणाचं कार्ड मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांकडून प्रत्येक लशीचं नाव आणि तारीख स्वच्छ इंग्रजीत लिहून घ्या. इथल्या बालआरोग्य केंद्रात कंपनीचं नाव आणि गिचमिड अक्षर कुणाला कळत नाही.

झटपट_पुणे

एवढं डोकं खाऊ नका. माहेरच्या ग्रामपंचायतीतून "नोंद आढळत नाही" असा दाखला घ्या, त्यावर प्रतिज्ञापत्र जोडा आणि 1 जूनचीच उशिराची नोंद करून घ्या. पासपोर्टशी जुळेल, काम संपलं. माझ्या ओळखीचा एजंट आहे, अपॉस्टिलसकट करून देतो. तारीख कोण बघतंय?

नोंदवही

ताई, वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी 31 वर्षं एका नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात काढली, त्यातली निम्मी रजिस्टर सांभाळण्यात. जे सांगतोय ते हाताखालून गेलेलं आहे.

पहिली गोष्ट, तुमची नोंद नाही असं अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही. भाऊ वडिलांच्या गावी शोधायला गेला. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे, बापाचं घर जिथे आहे तिथे नाही. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते. म्हणजे लेकरांच्या नोंदी आजोळी, आणि लोक आयुष्यभर त्या वडिलांच्या गावात शोधत बसतात. माझ्या खिडकीशी असे किती जण रिकाम्या हाताने परत गेले असतील, सांगता येणार नाही. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, "आईचं माहेर कुठलं?" आणि पुष्कळांचा चेहरा तिथेच उजळायचा.

तेव्हा आईला विचारा: आजोळी जन्म झाला का, घरात झाला की दवाखान्यात? घरात असेल तर त्या गावची ग्रामपंचायत. तालुक्याच्या दवाखान्यात असेल तर तो दवाखाना ज्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिथलं दप्तर.

दुसरी गोष्ट, स्वतः जा आणि आईला सोबत न्या. फोनवर कुणी तीस वर्षांपूर्वीची वही उघडत नाही, आणि उघडली तरी एक पान बघून मिटते. वहीत नोंदी जन्माच्या क्रमाने नसतात, खबर ज्या दिवशी आली त्या क्रमाने असतात. जुलैतला जन्म ऑगस्टच्या, अगदी ऑक्टोबरच्याही पानावर सापडतो. वर्षभराची पानं बघू द्या म्हणून विनंती करा. आईचं नावही दोन्ही तऱ्हांनी शोधा, माहेरचं आणि सासरचं. आजोळी खबर द्यायला आजोबा किंवा मामा गेले असतील तर त्यांनी घरात हाक मारायचं नाव सांगितलेलं असतं.

तिसरी गोष्ट. नोंद सापडली तरी तिच्यावर तुमचं नाव नसण्याची शक्यता मोठी आहे. खबर बारशाच्या आधी जायची. मग नावाच्या रकान्यात नुसतं "मुलगी" आणि पुढे एक आडवी रेघ. निळ्या-काळ्या शाईतली ती रेघ मी हजारो वेळा पाहिली आहे. तेवढ्यावरून नोंद नाही असं समजू नका. कायद्याच्या कलम 14 खाली त्या नोंदीत नाव भरता येतं, अर्ज आईवडिलांपैकी कुणीही करू शकतं. नियमात पंधरा वर्षांची मर्यादा आहे, पण जुन्या नोंदींसाठी शासन वेळोवेळी मुदत वाढवत आलं आहे. आज काय स्थिती आहे ते तिथल्या निबंधकांना विचारा. ग्रामपंचायतीत ते काम ग्रामसेवकांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे असतं.

नाव भरायचं ते माहेरचं. जन्मल्या वेळी तुम्ही सासरच्या नव्हता. काही जण हट्टाने लग्नानंतरचं नाव घालायला सांगतात, ते चूक. जन्मदाखला माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या नावाचा, आणि मध्ये पूल म्हणून लग्नाचा दाखला.

खरी कसोटी वेगळीच आहे. त्या ओळीतली "मुलगी" तुम्हीच, हे दाखवावं लागेल, कारण शाळेच्या दाखल्यावर तारीख दुसरी. यासाठी आईचं प्रतिज्ञापत्र करा. थोरल्या भावंडाची नोंद त्याच वहीत असेल तर तिची नक्कल घ्या. त्या आईबापांच्या नावावर त्या काळात एकच मुलगी नोंदलेली आहे, हे वहीच सांगते. जुनं लसीचं कार्ड, दवाखान्याचा कागद, पत्रिका, जे असेल ते न्या.

आता "झटपट" यांच्यासाठी. ज्या जन्माची नोंद आहे त्याची दुसरी नोंद खोटी तारीख सांगून करणं हा गुन्हा आहे. एक वर्षाच्या पुढची उशिराची नोंद आता, 1 ऑक्टोबर 2023 पासून, जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि तो आदेश शहानिशा करून द्यायचा असतो. माझ्या कार्यालयात एका तरुणाच्या दोन नोंदी निघाल्या होत्या. दुसरी कुणा मध्यस्थाने करून दिलेली. परदेशातून पडताळणीचं पत्र आलं तेव्हा पहिली नोंद समोर आली. त्याचे वडील माझ्या टेबलासमोर उभे राहून रडले. मी काही करू शकलो नाही. वहीत जे आहे ते आहे.

अपॉस्टिलबद्दल गैरसमज असतो म्हणून सांगतो. अपॉस्टिल मजकूर खरा आहे असं म्हणत नाही. दाखल्यावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे, एवढंच म्हणतं. चुकीच्या दाखल्यावर अपॉस्टिल लावलं तर चूक चुकीचीच राहते, फक्त आता तिच्यावर भारत सरकारचं स्टिकर असतं. आधी मूळ नोंद नीट, मग शिक्के.

हडपसरकर_93

काका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "अगं, तू आणि दादा दोघंही जतकडं झालात, आजीच्या घरात." तीस वर्षांत आम्हाला कुणालाच हे सुचलं नाही. शनिवारी ऑफिस बंद असेल म्हणून सोमवारी रजा काढून दोघी जातोय.

आणि मला अहो-जाहो करू नका, तुमच्या मुलीसारखी आहे.

वाटचाल_सातारा

ताई, तुमच्या प्रश्नाला सोडून एक सांगतो, कारण हे नेहमी राहून जातं. तुमच्या किंवा नवऱ्याच्या नावावर शेतजमीन, घर असेल तर निघण्याआधी घरातल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. कोणत्या कामांसाठी ते नेमकं लिहा, मोघम नको. सातबाऱ्यावर वारस नोंद अडकलेली असेल तर तीही आत्ताच मार्गी लावा. मी मस्कतला असताना वडील गेले आणि वारस नोंदीसाठी मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तिकडून केलेलं मुखत्यारपत्र इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावं लागतं, ते मला उशिरा कळलं.

बँकेलाही कळवा. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं.

हडपसरकर_93

काका, सापडली!

आजीच्या गावचं ग्रामपंचायत कार्यालय शाळेच्या बाजूला आहे, दोन खोल्यांचं. तिथल्या मॅडमना सगळं सांगितलं, तुम्ही लिहिल्याप्रमाणे वर्षभराची पानं बघू द्या म्हणून विनंती केली. त्या म्हणाल्या, कपाट उघडायला वेळ लागेल, बसा. आम्ही दीड तास बसलो. लोखंडी कपाटातून लाल कापडात बांधलेला गठ्ठा निघाला. 1993 च्या वहीची शिवण सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. मॅडमनी स्वतः पानं उलटली, मला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. जुलैत काही नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या पानावर आईने आजोबांचं नाव ओळखलं. खबर देणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही, मोडकी, एकेक अक्षर सुटं. आजोबा जाऊन सतरा वर्षं झाली. आई त्या सहीवर बोट न टेकवता, वरूनच बोट फिरवत राहिली.

जन्मतारीख 21 जुलै 1993. घरी येऊन दिनदर्शिका बघितली, वार बुधवार. आईचं बाजाराचं खरं निघालं.

नावाच्या जागी "मुलगी" आणि रेघ, तुम्ही म्हणालात तशीच. दादाची 1990 ची नोंदही त्याच कपाटात मिळाली, तिच्यावर मात्र नाव आहे. आईने अर्ज दिला, प्रतिज्ञापत्र तहसीलमध्ये करून आणलं. माझ्या बारशाची पत्रिका मामीने देवघराच्या पोथ्यांतून काढून दिली. मॅडमनी कागद ठेवून घेतले आणि आठवड्याने या म्हणाल्या.

पण काका, आता पासपोर्टचं काय? आधारवरही 1 जूनच आहे. नवऱ्याच्या कंपनीने आमचे अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचे ठरवले आहेत.

नोंदवही

बाळ, फार बरं वाटलं. त्या मॅडमनी वहीला हात लावू दिला नाही, हे वाचून अधिक बरं वाटलं.

आता क्रम सांगतो, आणि तो मोडू नकोस.

नाव भरल्यावर वही एकदा डोळ्यांनी बघून ये. काही दुरुस्ती असेल तर मूळ शाई खोडायची नसते, पांढरी शाई लावायची नसते. समासात लिहून खाली निबंधकाची सही आणि तारीख हवी. कुणी मूळ अक्षरावर गिरवलं असेल तर तिथेच नम्रपणे सांग. मग दाखला घे, नमुना 5, संगणकावरचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकुराचा. इंग्रजी स्पेलिंग तिथेच उभं राहून तपास: तुझं, आईचं, वडिलांचं, गावाचं. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख आणि गोल शिक्का स्पष्ट उमटलाय का बघ. पुढे मंत्रालयात ती सही ओळखली गेली तरच काम सरकतं. तीन मूळ प्रती घे. आणि कुणी कितीही प्रेमाने म्हणालं तरी लॅमिनेट करू नकोस. माझ्याकडे लोक प्लास्टिकमध्ये बंद केलेले दाखले आणायचे, त्यावर शिक्का बसत नाही आणि सोलायला गेलं की कागद फाटतो.

पासपोर्ट नव्याने काढावा लागेल, जन्मतारखेतल्या बदलासाठी. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि दोन तारखा का, याचं खरं स्पष्टीकरण, तिन्ही पुढे ठेव. आईने शाळेत तारीख कशी लागली ते सांगितलंय, तेच प्रतिज्ञापत्रात लिही. बदल मान्य करायचा की नाही हे पासपोर्ट अधिकारी ठरवतात. पोलीस पडताळणी पुन्हा होऊ शकते, म्हणून दिवस हाताशी ठेव. नव्या पासपोर्टचा क्रमांक वेगळा येईल.

आधार मात्र घाईने बदलू नकोस. जन्मतारीख त्यात साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पक्का दाखला हातात आल्यावरच जा. शाळेच्या दाखल्यावरची 1 जून तिथेच राहील, शाळा सुटल्यावर ती बदलत नाहीत. राहू दे. दडवू नकोस, एवढंच.

आणि मनाला लागेल असं एक सांगतो. तुझा आणि लेकीचा अर्ज पुढच्या आठवड्यात भरू देऊ नकोस. कंपनीला आजच लिही की पत्नीचा पासपोर्ट दुरुस्तीला जातोय, नवऱ्याचा अर्ज पुढे न्या, आमचे नंतर. नवरा सप्टेंबरला एकटा जाईल. तू दोन-तीन महिन्यांनी जाशील. माझी लेकही जावयाच्या मागून चार महिन्यांनी गेली होती, तिच्या लग्नाच्या दाखल्यात एक अक्षर चुकलं होतं म्हणून. ते अक्षर माझ्याच विभागातल्या माणसाने चुकवलं होतं. घरात मी कुणाला तोंड दाखवू शकलो नाही, पण दुरुस्त कागद घेऊनच तिला पाठवलं.

लेकीचा जन्मदाखलाही उघडून बघ. आईच्या रकान्यात तुझं नाव जसं पासपोर्टवर आहे तसंच आहे का?

कालव्याकाठी

काकांचं शंभर टक्के खरं. इथल्या इमिग्रेशन खात्याची मान्यताप्राप्त कंपनी असेल तर इथे कुटुंबाचा अर्ज नंतरही स्वतंत्र भरता येतो, रोजचं काम आहे ते त्यांचं. तुमचे मिस्टर आधी येऊन घर शोधतील, तेही इथे सोपं नाही.

अपॉस्टिलसाठी परराष्ट्र मंत्रालय थेट खिडकीवर कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. सरकारी शुल्क दाखल्यामागे 50 रुपये, वर त्या एजन्सीचा आकार. आधी राज्याचं साक्षांकन लागतं. कुणी हजारो रुपये सांगितले तर कशाकशाचे ते लेखी मागा. स्टिकर आल्यावर त्याचा क्रमांक ऑनलाइन तपासून बघा आणि दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा, फक्त पुढची नको.

आणि वाहनपरवाना असेल तर मूळ कार्ड आणा, पहिले 185 दिवस चालतं.

हडपसरकर_93

सगळ्यांना कळवते.

दाखला मिळाला. तीन प्रती. मॅडमनी वही पुन्हा काढून दाखवली, "मुलगी" तसंच आहे, रेघही तशीच, आणि माझं पूर्ण नाव आता नोंदीत आहे, खाली सही आणि तारीख. आईने ते मोठ्याने वाचलं.

नवरा आधी गप्प झाला, मग त्याने स्वतःच कंपनीला मेल केला. त्यांचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हरकत नाही, पत्नी आणि मुलीचे अर्ज कागद आले की भरू. त्याचं विमान 27 ऑगस्टचं. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

तिच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात माझं माहेरचं नाव निघालं, काका. पुढच्या सोमवारी महापालिकेत जाऊन विचारते की ते तसंच ठेवून लग्नाचा दाखला जोडला तर चालेल का, की दुरुस्ती करावी लागेल. तुम्हाला काय वाटतं?

नोंदवही

तसंच ठेव. चूक नाही ती. बाईचं जन्माचं नावही तिचंच नाव आहे, आणि तुझ्या जन्मदाखल्याशी ते आता जुळतंय. सोबत लग्नाचा दाखला असला की साखळी पूर्ण होते. तिथले कारकून दुरुस्ती करा म्हणाले तर आधी मला विचार.

पासपोर्टची तारीख मिळाली की कळव.

हडपसरकर_93

मिळाली. 9 जुलै, सकाळी सव्वादहा, मुंढव्याचं ऑफिस. आई सोबत येणार म्हणतेय.